करवंदं, कोकम लॅबला टेस्टिंगला दिली त्याचा अनुभव

आमच्या बचत गटाचं कोकमाचं आगळ (घट्ट रस) आणि करवंदाचा पल्प विकायला लागल्यापासून गिऱ्हाईक सारखं विचारायचं की यात अँटीऑक्सिडंट किती, म्हणून पुण्यातल्या एका प्रायव्हेट लॅबला सॅम्पल दिले.

टेस्टिंगचं काम एकदम चोख. तिथल्या मॅडमनी समोर करून दाखवलं, डीपीपीएच म्हणून अँटीऑक्सिडंट मोजायचं एक रसायन आहे, त्याचं गडद जांभळं सोल्युशन असतं त्यात अर्क टाकला की रंग उतरत उतरत पिवळट होतो आणि मग मशीनवर ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घेतात. आता कोकमाचा स्वतःचा लाल रंगही साधारण तिथेच रीडिंग देतो ना, तर त्यांनी नुसत्या अर्काचं वेगळं ब्लँक, म्हणजे डीपीपीएच न घालता रीडिंग, लावून तेवढं वजा केलं. हे बघून खरंच भरवसा बसला. फिनॉलिकसाठी (फळातली अँटीऑक्सिडंट गुणाची द्रव्यं) फोलिन नावाच्या रसायनाची टेस्ट, त्यात निळा रंग येतो, आकडा गॅलिक अॅसिड या एका फिनॉलिकच्या हिशोबात मिळतो.

पण रिपोर्ट अर्धवट. आकडा ताज्या फळावर की सुक्या वजनावर हेच लिहिलं नव्हतं, फोनवर फोन करून मागून घेतलं. ताज्या फळात पाणीच जास्त त्यामुळे दोन्ही आकड्यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो, लेबलवर चुकीचा छापला तर गिऱ्हाईकाची फसवणूकच की. शिवाय फोलिनला व्हिटॅमिन सी पण रिअॅक्ट होतं, म्हणजे आवळेवाल्यांनी तो आकडा नुसत्या फिनॉलिकचा समजू नका, हे लॅबने स्वतःहून सांगायला हवं होतं.

पाच पैकी साडेतीन. द्यायचं असेल तर सॅम्पल फ्रीझ करून, उजेड न लागता पाठवा आणि आकडा ताज्या की सुक्या वजनावर देणार ते आधीच लेखी घ्या.