थारचे पार्ट कोणाकडून घ्यावेत? शोरूम, नाना पेठ, ऑनलाइन की उद्यमनगर

पुतण्याने साताऱ्यात २०२१ची सेकंडहँड महिंद्रा थार घेतली आणि आठवड्याभरात मला वीसेक लिंका पाठवल्या. कुठे शॉकॲब्सॉर्बर, कुठे स्किड प्लेट, कुठे छतावरचा एलईडी बार. प्रत्येकीखाली एकच प्रश्न: काका, घेऊ का?

माझ्याकडेही त्याच वर्षाची डिझेल थार आहे. राहतो पुण्यात, गाव कोल्हापूरकडे, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवार मुळशीच्या चिखलात जातो. चार वर्षांत शोरूमचा ॲक्सेसरी काउंटर, नाना पेठेतलं स्पेअरचं दुकान, ऑनलाइन दुकानं आणि कोल्हापुरातल्या उद्यमनगरचा फॅब्रिकेटर (पत्रा कापून-जोडून हवं ते बनवून देणारा) असे चारही रस्ते तुडवून झालेत. चौघांच्या भावातला फरक फोनवरही कळतो. पार्ट बसला नाही, वाजायला लागला किंवा तुटला की कोण काय करतं, हे मात्र पैसे गेल्यावरच कळतं. त्यामुळे इथे तुलना मुख्यतः त्याचीच आहे.

आधी माझाच बट्ट्याबोळ सांगतो. मी पुढचे दोन शॉकॲब्सॉर्बर ऑनलाइन मागवले. पानावर फोटो नव्या थारचा, खाली लिहिलेलं 'थारसाठी', बस्स. खोकं आलं, उघडलं, तर आत नुसते दांडके. स्प्रिंग बसायची बशीच नाही. मिस्त्री हसला आणि म्हणाला, "साहेब, हे जुन्या थारचे." २०१०ची थार पुढे टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावर) आणि मागे पाट्यांवर उभी होती. २ ऑक्टोबर २०२०ला बाजारात आलेल्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत. नाव तेच, खालचा सांगाडा वेगळा. त्यात जानेवारी २०२३मध्ये नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थार आली, तिला ट्रान्सफर केसच, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स, नाही. ऑगस्ट २०२४मध्ये पाच दरवाजांची रॉक्स आली. म्हणजे 'थारसाठी' या एका शब्दात निदान चार गाड्या बसतात, आणि विकणाऱ्याला त्यातली कोणती हे लिहायचा कंटाळा असतो.

दुकानाचा फोन लागला तेव्हा उत्तर मिळालं की फिटमेंट, म्हणजे पार्ट आपल्या गाडीला बसतो का हे, तपासणं ही ग्राहकाची जबाबदारी. माल स्वतःच्या खर्चाने परत पाठवा, दहा टक्के कापून बाकीचे देऊ. माझ्याकडे पानाचा स्क्रीनशॉट होता. मी मेल लिहिली, त्यात ई-कॉमर्सच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांचा उल्लेख केला. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते, असं त्या नियमांत स्पष्ट आहे. पूर्ण पैसे आले, पण सव्वीस दिवसांनी. तोवर गाडी स्टँडवर, मिस्त्रीचा बे अडलेला, आणि तो रोज विचारणार, "काय झालं साहेब?"

शेवटी नाना पेठेत गेलो. काउंटरवरच्या शेठनी चष्म्यावरून पाहिलं.

"चेसिस नंबर?"

मी मोबाइलवर आरसी दाखवली.

"जुना पार्ट आणलाय?"

नाही म्हटलं.

"मग उद्या घेऊन या."

दुकानात तसे शॉक मला समोर दिसत होते. रोख पैसे खिशात असलेलं गिऱ्हाईक त्यांनी सरळ परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळून जुना शॉक नेला. शेठनी त्याच्या टोकाच्या बुशला व्हर्निअर लावून माप घेतलं, आतून तीन खोकी मागवली आणि तिन्हींचा भाव सांगितला: गाडीच्या कंपनीच्या नावाचं खोकं, तोच माल बनवणाऱ्या कारखान्याचं स्वतःचं खोकं, आणि लोकल. पहिल्या दोघांत माल एक, छपाईचे पैसे वेगळे. "लोकल तुम्हाला देणार नाही, तुम्ही चिखलात घालता," हेही वर. मी मधलं घेतलं.

पेठेची दुसरी बाजूही सांगायला हवी. बिल मागितलं की चेहरा बदलतो. "बिल हवंय का? मग टॅक्स लागेल" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. चिठ्ठीवर घेतलेल्या पार्टची वॉरंटी शेठच्या स्मरणशक्तीएवढी. शिवाय लाइट, विंच (अडकलेली गाडी दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) असल्या जोडलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू विम्यात धरायच्या असतील तर त्या कंपनीला कळवून जादा हप्ता भरावा लागतो, आणि किंमत दाखवायला बिल लागतं. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे बिल टाळून वाचायचं तेही आता कमी झालंय. दहा हजारांच्या वरचं काहीही मी बिलाशिवाय घेत नाही. बुश, होज, बेल्ट, फिल्टर यांना चिठ्ठी चालते.

शोरूमबद्दल थोडक्यातच, कारण तिथे ऑफ-रोडसाठी घेण्यासारखं फार नसतं. मी स्नॉर्कलबद्दल, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणाऱ्या नळीबद्दल, विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सीट कव्हरचा कॅटलॉग पुढे सरकवला. चूक त्याची नाही, त्याला दिवसभर तेच विचारतात. भाव चौघांत सगळ्यात जास्त, आणि घासाघीस नाही. पण वायरिंगला हात लावायचं कोणतंही काम मी तिथेच करून घेतो. बाहेरच्या एका इलेक्ट्रिशियनने माझ्या फॉगलॅम्पसाठी मूळ वायर सोलून त्यावर काळी टेप गुंडाळली होती. पहिल्याच पावसात डॅशबोर्डवर दिवे लागले आणि सर्व्हिस सेंटरने तेवढ्या भागाची वॉरंटी हात वर करून सोडली. शोरूमच्या किटला कपलर असतो, मूळ सॉकेटमध्ये टक्कन बसतो, वायर कापावी लागत नाही. रॅक बसवल्यावर माझ्या गाडीत ऐंशीच्या पुढे शिट्टी वाजायला लागली, तीही त्यांनी जॉब कार्ड काढून, ब्रॅकेट बदलून, पैसे न घेता थांबवली. बसवणारा आणि गाडीची वॉरंटी सांभाळणारा एकच असण्याचा फायदा हाच. मात्र अर्धा दिवस तिथल्या सोफ्यावर काढायची तयारी ठेवा.

आता उद्यमनगर. स्किड प्लेट म्हणजे गाडीच्या पोटाखालचा पत्रा, इंजिनाच्या चेंबरला दगड लागू नये म्हणून. ऑनलाइन तयार मिळतो, पण मी कोल्हापुरात बनवून घेतला. फॅब्रिकेटरने गाडी रॅम्पवर घेतली, पुठ्ठ्याचा नमुना कापला, तो चार वेळा लावून पाहिला आणि मग पत्र्याला हात घातला. पाच मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला ३९ किलो भरतो. सहा मिलिमीटरचं ॲल्युमिनियम घेतलं तर साधारण १६. एवढं वजन पुढच्या स्प्रिंगवर येणार, म्हणून तो स्वतःच म्हणाला, "सगळीकडं पाच नको, मधी पाच घालू, कडंला तीन." असा विचार खोक्यातल्या मालात नसतो.

आणि तरीही चूक झालीच. ऑइल बदलायला गेलो तेव्हा लक्षात आलं की ड्रेन बोल्टखाली भोकच ठेवलेलं नाही. प्रत्येक ऑइलला बारा बोल्ट खोलून पत्रा उतरवायचा. फोन केला. पलीकडून जराही न ओशाळता: "आणा की गाडी, पाच मिन्टात भोक पाडून देतो." खरंच पाडून दिलं, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. मला पुण्याहून जाऊन यायला डिझेल किती लागलं ते विचारू नका. फॅब्रिकेटरची वॉरंटी ही अशी असते, शंभर टक्के खरी आणि त्याच्या शेडच्या दारापाशी संपणारी. तो तुमच्या गावातला असेल तर यासारखं सुख नाही.

मोठ्या वस्तू ऑनलाइन घेणाऱ्यांना आणखी एक हिशेब माहीत असायला हवा. कुरिअरवाले जागेचंही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५०००ने भागायचं. १८० बाय ६० बाय ५०चं खोकं असेल तर उत्तर येतं १०८ किलो, आत पन्नास किलोचा माल असला तरी. हा आकडा 'फ्री शिपिंग'च्या किमतीत लपलेला असतो आणि परत पाठवताना तुमच्या अंगावर उघडा पडतो. दिल्लीच्या काश्मिरी गेटहून ट्रान्सपोर्टने मागवलं तर भाडं बरंच कमी पडतं. तिथे पार्टला तोटा नाही, भावही पुण्यापेक्षा खाली. पण 'टू पे'ची बिल्टी (भाडं माल घेताना द्यायची पावती) घेऊन आपणच ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर जायचं, हमालाला पैसे द्यायचे, आणि खोकं उघडायच्या आत सही करायची. कोपरा चेपलेला निघाला तर ट्रान्सपोर्टवाला दिल्लीकडे बोट दाखवतो, दिल्लीवाला ट्रान्सपोर्टकडे. मी आता पोचपावतीवर सहीशेजारी 'खोकं चेपलेलं' असं पेनाने लिहितो. एकदा त्यावर भांडण जिंकलोय.

मग ऑनलाइन घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण फिटमेंटचा प्रश्न नसलेलं: दोर, शॅकल (दोर गाडीला अडकवायची लोखंडी कडी), ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सारायची फळी), हवेचा पंप. इथे उलट पेठेपेक्षा फोर-बाय-फोरची खास ऑनलाइन दुकानं भरवशाची वाटली, कारण पेठेत मिळणारं शॅकल बऱ्याचदा क्रेनवाल्यांच्या भंगारातलं असतं. १९ मिलिमीटरच्या चांगल्या बो शॅकलवर ४.७५ टन असं धातूतच उठवलेलं असतं. नुसता रंग असेल आणि आकडा नसेल तर फुकटही नको. ताणलेल्या दोराच्या टोकाला सुटलेलं शॅकल काच फोडून आत येतं. दुकानदाराची परीक्षा घ्यायची असेल तर फोन करून एवढंच विचारा की कायनेटिक दोर आणि टो करायचा पट्टा यात फरक काय. पहिला ताणून लवचिकपणे ओढतो, दुसरा नाही, हे ज्याला पटकन सांगता येत नाही त्याच्याकडून विंच घेऊ नये. विंचबद्दलही तेच. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकद हवी, आणि पुतण्याला अजून दोन पावसाळे तरी तिची गरज पडणार नाही.

टायर मात्र गल्लीतल्याच डीलरकडून घ्यावेत, यावर माझं ठाम मत आहे. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे पाहा. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. दुकानात हे उभं राहून वाचता येतं, लिंकवर नाही. जून २०२०पासून टायरची आयात परवान्याखाली आली, त्यामुळे परदेशी नावांचे काही ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवरचे) टायर जुने पडून असलेले विकले जातात. साइडवॉलला फुगा आला तर क्लेमसाठी कंपनीचा माणूस डीलरकडेच येतो, आणि डीलर ओळखीचा असेल तर तो त्याच्या बाजूने बोलत नाही, तुमच्या बाजूने बोलतो.

एक गोष्ट चौघंही नीट सांगत नाहीत: काय बसवणं कायद्यात बसतं. गाडीपुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२कडे बोट दाखवून कारवाई करायला सांगितलं होतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ स्पेसिफिकेशन बदलता येणार नाही असा निकाल दिला. तरी असे लोखंडी बंपर सगळीकडे विकले जातात. शोरूममधला विक्रेता "आरटीओला चालतं" म्हणाला तर ते बिलावर लिहून मागा. लगेच विषय बदलेल. स्नॉर्कलबद्दलही असंच. थारची पाण्यात जायची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे. हवेचं तोंड छतापर्यंत नेलं म्हणून खालची वायरिंग आणि डिफरन्शियलचे ब्रीदर (हवा जायची-यायची तोंडं) आपोआप उंच होत नाहीत. असं सांगून धंदा गमावणारा एकच दुकानदार मला भेटला, आणि त्याच्याकडून मी नंतर बऱ्याच गोष्टी घेतल्या.

वाद झालाच तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, दुकान दिल्लीत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझ्यावर तिथपर्यंत जायची वेळ आली नाही, पण मेलमध्ये तसा उल्लेख केला की उत्तरं लवकर येतात.

पुतण्याचं सध्या असं ठरलंय: शॉक नाना पेठेतून, जुना सोबत नेऊन. दोर आणि दोन शॅकल ऑनलाइन. टायर साताऱ्यातच, अजून वर्षभराने. एलईडी बारवर आमचं एकमत नाही, ते राहू दे. स्किड प्लेटसाठी तो पुढच्या रविवारी कोल्हापूरला जातोय. ड्रेन बोल्टची जागा त्याने पुठ्ठ्यावर खडूने आखून ठेवली आहे.