नेरुळमधला मोठ्यांचा डान्स क्लास: आषाढापासून फाल्गुनापर्यंतचा अनुभव

क्लासचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. नेरुळ पश्चिमेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी, साडेसात ते साडेआठ. फी महिना अठराशे. कधी हिंदी गाणी, कधी कोळीगीत, नवरात्राच्या आधी गरबा. माझं वय ५४, नोकरी महापेला, अकाउंट्समध्ये. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, व्यायाम हवाच, आणि बायकोने मला न विचारता नाव घालून टाकलं.

त्याआधी चालून पाहिलं होतं. 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'चा ट्रॅक छान आहे, तक्रार ट्रॅकची नाहीच. पण चालताना पाय आपले आपण चालतात, डोकं रिकामं राहतं आणि ते जाऊन बसतं कधीच्या काळच्या अप्रेझलवर. साहेब काय बोलले, मी काय बोलायला हवं होतं, दोन फेऱ्या होईपर्यंत सगळं भांडण नव्याने करून मी घरी यायचो.

नाचात ती सोय नाही. 'पाच, सहा, सात, आठ' झालं की उजवा पाय मागे, हात उलट्या बाजूला, मग गिरकी, आणि शेजारच्या काकूंना कोपर लागता कामा नये. एवढं सांभाळताना साहेब आठवायला फुरसत कुठे? माझ्यापुरता नाचाचा मोठा गुण हाच. भावना मोकळ्या होतात, स्वतःची ओळख पटते वगैरे जे जाहिरातीत असतं, त्यातलं मला काही जाणवलं नाही. मी मात्रा मोजण्यात गुंग असायचो. मात्र गाणं एकदा अंगात बसलं की डोकं पुन्हा भटकायला लागतं. म्हणून महिनोन्‌महिने एकच डान्स घोटून घेणारा क्लास असेल, तर निदान या कामासाठी तो घेऊ नका. आमच्या मॅडम (वय असेल सव्वीस-सत्तावीस, मला 'काका' म्हणतात आणि काकांना अजिबात सवलत देत नाहीत) दर दोन-तीन आठवड्यांनी नवीन काहीतरी काढतात.

श्रावणात त्यांनी फुगडी घेतली. बायकांचा खेळ म्हणून आम्ही तिघे पुरुष भिंतीला टेकून उभे राहिलो, तर आम्हालाच पुढे बोलावलं. हातांची कैची, पावलांना पावलं भिडवलेली, आणि अंग मागे झोकून द्यायचं. अंग चोरलं तर फुगडी फिरतच नाही. समोर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, तळवे घामाने ओले. मनगटं घट्ट धरली, दोन गिरक्यांत लय सापडली आणि मग आम्ही दोघं मोठमोठ्याने हसत सुटलो. घरच्यांपलीकडे कोणाचा हात इतका वेळ धरून किती वर्षं झाली असतील, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. त्या रात्री झोप मात्र लागली. क्लासच्या दिवशी ती बहुतेक लागतेच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जरा बरं वाटतं, पुढे गाडी मूळपदावर. म्हणून आठवड्यातून एकदाच जाण्यात मला अर्थ वाटत नाही.

एकत्र नाचण्यावर ऑक्सफर्डच्या संशोधकांचा २०१५ सालचा एक प्रयोग आहे. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना त्यांनी नाचायला लावलं. काहींना सगळ्यांबरोबर एका तालात, काहींना आपापलं. काहींना दमवणारं, काहींना बसल्या बसल्या हातवारे. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून कोण किती दाब सोसतो ते पाहिलं. दमल्यानेही सोसण्याची ताकद वाढली आणि एका तालात नाचल्यानेही, आणि आपसातली जवळीकही वाढली. फुगडीनंतर त्या रेल्वेवाल्या काकांशी माझं एवढं का जमलं, त्याचं थोडं उत्तर मला त्यात मिळालं.

आमच्या पिढीच्या पुरुषाचा नाच म्हणजे विसर्जनाची मिरवणूक, तीही गर्दीत तोंड लपवून. गावाकडे, रत्नागिरीच्या बाजूला, असं नव्हतं. तिथे जाखडीत पुरुषच नाचतात, पायात चाळ बांधून, मधल्या ढोलकीवाल्या-गाणाऱ्यांभोवती फेर धरून, आणि कोणाला लाज वाटत नाही. माझे वडील नाचायचे. नव्या मुंबईत येईपर्यंत ते कुठे सांडलं कोण जाणे.

आता तक्रारी. पहिली, फरशी. हॉलला गुळगुळीत टाइल्स आहेत, उड्या मारल्या की गुडघा बोलतो. जाड तळाचे बूट घेतले तेव्हा सुधारलं. दुसरी, रील. प्रत्येक गाणं बसलं की मोबाइल निघतो आणि ज्यांना जमतं ते पुढे, आमच्यासारखे मागे. तिसरी सगळ्यात मोठी: डिसेंबरमधलं गॅदरिंग. महिनाभर तेच गाणं, तीच आरडाओरड, 'काका, तुमच्यामुळे लाइन बिघडते'. ज्या धास्तीपासून पळून तिथे जात होतो, ती तिथेच येऊन बसली. मी गॅदरिंगमधून नाव काढून घेतलं.

आणि जानेवारीत एक पंधरवडा असा गेला की अंथरुणातून उठवेना. तिथे नाच कामाला आला नाही. क्लासपर्यंत जायलाच जमलं नाही तर नाचणार काय? डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं, मग सावरलो. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने व्यायाम आणि डिप्रेशन यांवरच्या २१८ प्रयोगांचा आढावा छापला. त्यात नाचाचा परिणाम मोठा दिसला, आणि पेपरांनी तेवढंच उचललं. पण त्यातले नाचाचे प्रयोग मोजकेच, त्यांतली माणसंही थोडी, हे संशोधकांनीच लिहिलंय. मी हे डॉक्टरांपुढे ठेवलं तर ते म्हणाले, 'नाचा, पण गोळी मला विचारल्याशिवाय सोडू नका.' रात्री-अपरात्री फारच वाईट वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

क्लास चालू ठेवतोय. चौकशीला जाल तेव्हा आधी फरशी बघा आणि गॅदरिंग सक्तीचं आहे का ते विचारा. पहिला दिवस बहुतेक ठिकाणी फुकट असतो. आमच्या बॅचला अजूनही पुरुष तिघेच आहेत. जाखडी बसवा म्हणून मी मॅडमच्या मागे लागलोय, त्या म्हणतात फेर धरायला निदान आठ जण आणा. तेव्हा कोणी येणार असेल तर सांगा, ढोलकीवाला माझ्या ओळखीचा आहे.