नॅझरेथच्या रेकॉर्डी घेताना आधी गिटार कोणाकडे आहे ते बघा

आपल्याकडे नॅझरेथ या स्कॉटिश रॉक बँडचं नाव घेतलं की 'लव्ह हर्ट्स' हे गाणं एवढंच आठवतं. त्या एका गाण्याच्या जोरावर पहिली रेकॉर्ड मागवणाऱ्याची बहुतेक वेळा निराशा होते. तसंच विव्हळ, संथ गाणं अख्ख्या अल्बमभर मिळेल असं वाटतं, आणि हाती येतो दणदणीत हार्ड रॉक, नाहीतर ऐंशीच्या दशकातला गुळगुळीत पॉप. दोन्ही एकाच बँडचे आणि एकाच गायकाचे. म्हणून नॅझरेथच्या कॅटलॉगचा हा आढावा खास विकत घेणाऱ्यांसाठी. सोबत इंदूरच्या हवेत या रेकॉर्डी कशा टिकवायच्या तेही आलंच.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नॅझरेथची रेकॉर्ड निवडताना कव्हर, साल किंवा गायक बघून भागत नाही, गिटारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते बघावं लागतं. डॅन मॅककॅफर्टी १९६८ पासून २०१३ पर्यंत गात होते, आणि बास वाजवणारे पीट ॲग्न्यू आजही बँडमध्ये आहेत. आवाज आणि बास तेच राहिले. तरीही दर काही वर्षांनी बँडचा पोत बदलला, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो गिटारच्या बाजूनं बदलला.

स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावात शेडेट्स नावाचा एक बँड होता, त्यातून १९६८ साली नॅझरेथ उभा राहिला. मॅककॅफर्टी, ॲग्न्यू, ड्रमवर डॅरेल स्वीट आणि गिटारवर मूळचे स्पेनचे मॅनी चार्ल्टन अशी ती चौकडी. 'नॅझरेथ' (१९७१) आणि 'एक्सरसाइजेस' (१९७२) हे पहिले दोन अल्बम चाचपडणारे आहेत. दुसरा तर बराचसा अकूस्टिक आहे. संग्राहक सोडून इतरांनी यांच्यावर पैसे घालवू नयेत. खरी सुरुवात 'रझमनॅझ'पासून (१९७३) होते. डीप पर्पलचे बासवादक रॉजर ग्लोव्हर निर्माते म्हणून आले आणि त्यांनी चौघांच्या आवाजातली चरबी उतरवली. 'ब्रोकन डाउन एंजल' ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या आणि 'बॅड बॅड बॉय' दहाव्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षीच्या 'लाउड अँड प्राउड'मध्ये जोनी मिचेल यांचं 'धिस फ्लाइट टुनाइट' आहे. मुळातलं हळुवार गाणं इथे घोड्याच्या टापांसारख्या एकसुरी बासवर पळतं. गाणं दुसऱ्याचं असूनही आपलं कसं करावं हे या एका ट्रॅकवर कळतं. ग्लोव्हर यांचा तिसरा अल्बम 'रॅम्पंट' (१९७४) ठीक आहे, पण पहिल्या दोघांइतकी धार त्याला नाही.

आणि मग 'हेअर ऑफ द डॉग' (१९७५). एकच रेकॉर्ड घ्यायची असेल तर ही घ्या. निर्मितीची सूत्रं या वेळी स्वतः चार्ल्टन यांच्या हातात आली, आणि फरक पहिल्या मिनिटात जाणवतो. शीर्षकगीत ड्रम आणि काउबेलवर (गाईच्या घंटेसारखं तालवाद्य) सुरू होतं. गिटारची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, त्यावर येऊन बसते, पण जागा अडवत नाही. चार्ल्टन सुरांच्या मध्ये हवा सोडतात. त्या मोकळ्या जागेतच काउबेलचा ठोका आणि मॅककॅफर्टींचा घासलेला आवाज ऐकू येतो. पुढे टॉक बॉक्स येतो. यात ॲम्पचा आवाज एका प्लास्टिकच्या नळीतून वाजवणाऱ्याच्या तोंडात सोडतात, तो ओठांनी त्याला आकार देतो आणि समोरचा माइक तो टिपतो. हे गाणं बसवणाऱ्या मंडळींची हमखास होणारी चूक म्हणजे दोन गिटार लावणं आणि दोन्हींवर भरपूर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) चढवणं. मग काउबेल बुडते आणि गाणं जड होतं. एकच गिटार ठेवा आणि गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारं ॲम्पचं बटण) निम्म्यावर आणा. मध्यम पट्टीतला आवाज वाढवला आणि बास ड्रमच्या पायाशी घट्ट बांधला की ते आपोआप चालायला लागतं. गन्स अँड रोझेसनी १९९३ मध्ये हे गाणं पुन्हा केलं. त्याआधी १९८६ मध्ये त्याच बँडचे सुरुवातीचे डेमो चार्ल्टन यांनीच ध्वनिमुद्रित करून दिले होते.

या अल्बमची ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. ब्रिटनमधल्या मूनक्रेस्ट लेबलच्या रेकॉर्डवर पहिल्या बाजूचं तिसरं गाणं रँडी न्यूमन यांचं 'गिल्टी' आहे. अमेरिकेतल्या ए अँड एम लेबलच्या प्रतीवर त्याच जागी 'लव्ह हर्ट्स' आहे. बूडलो ब्रायंट यांचं हे गाणं एव्हर्ली ब्रदर्सनी १९६० मध्येच गायलं होतं, पण अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकावर नेलं ते नॅझरेथनी. 'लव्ह हर्ट्स'साठी रेकॉर्ड घेणाऱ्यानं मूळ ब्रिटिश प्रत मागवली तर ते गाणं त्यात नसणार. विक्रेत्याकडून पुढच्या कव्हरचा फोटो घेऊन भागत नाही. मागची गाण्यांची यादी, लेबल आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले आकडे असे तीन फोटो मागा. बऱ्याच नव्या सीडींवर दोन्ही गाणी मिळतात, त्यामुळे ज्याला फक्त ऐकायचंय त्यानं सीडी घ्यावी आणि पैसे वाचवावेत.

दुसऱ्या बाजूचा शेवट 'प्लीज डोंट जुडास मी'नं होतो. जवळजवळ दहा मिनिटांचं, हळूहळू चढत जाणारं हे गाणं म्हणजे आमच्या मते या चौकडीचं शिखर. तक्रारीही याच गाण्याबद्दल सर्वांत जास्त येतात, की शेवटी आवाज फाटतो, 'स'कार थुंकल्यासारखे येतात. दर वेळी रेकॉर्ड खराब असतेच असं नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेशी खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आणि लेबलजवळ हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत दाबलेलं असल्यानं सुईचा कोन जरा जरी चुकला तरी तिथे लगेच कळतं. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बसवताना प्रोट्रॅक्टरवर (सुईचा कोन जुळवण्याची पट्टी) ६६ आणि १२०.९ मिलिमीटर हे दोन्ही बिंदू जुळवून घ्या. सुईचा दाब कार्ट्रिजच्या कागदावर दिला असेल तितकाच ठेवा. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई ला २ ग्रॅम लागतात. दाब कमी ठेवला तर रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती जास्त खरवडते. सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर मात्र ही रेकॉर्ड चढवूच नका. त्यातला दाब पाच ग्रॅमच्या आसपास असतो.

पुढचं वळण १९७८ चं. ग्लासगोच्या सेन्सेशनल ॲलेक्स हार्वी बँडमधून झॅल क्लेमिन्सन दुसरे गिटारवादक म्हणून आले, आणि 'नो मीन सिटी' (१९७९) निघाला. नॅझरेथचा सर्वांत मेटल आवाज ऐकायचा असेल तर तो इथे आहे. चार्ल्टन यांनी मोकळी सोडलेली जागा क्लेमिन्सन भरून टाकतात, दोन गिटार एकमेकींना रेटतात, आणि रॉडनी मॅथ्यूज यांचं कव्हरही त्याला शोभेल असंच. हेवी मेटल ऐकणाऱ्यांनी 'हेअर ऑफ द डॉग'नंतर थेट इथे यावं. फ्रँक फ्रझेटा यांच्या चित्रामुळे 'एक्स्पेक्ट नो मर्सी'कडे (१९७७) हात जातो, पण कव्हर जितकं भयंकर तितकी गाणी नाहीत. पुढच्याच 'मॅलिस इन वंडरलँड'ची (१९८०) निर्मिती जेफ बॅक्स्टर यांनी केली. तेच दोन गिटारवाले, पण सगळं घासूनपुसून रेडिओसाठी तयार केलेलं. वाईट नाही, 'हॉलिडे' तर सुरेखच आहे, पण मेटल शोधणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये. त्यानंतर क्लेमिन्सन गेले.

१९८१ चा दुहेरी लाइव्ह अल्बम 'स्नॅझ' व्हँकुव्हरचा. इथे बँड सहा जणांचा आहे. बिली रँकिन दुसऱ्या गिटारवर, स्पिरिट बँडचे जॉन लॉक कीबोर्डवर. जुनी गाणी भरलेल्या आवाजात ऐकायची असतील तर हा उत्तम. ऐंशीच्या दशकातलं बाकीचं पटकन सांगतो. '२एक्सएस'मध्ये (१९८२) दोन-तीन चांगली गाणी, 'साउंड एलिक्सर'नंतर रँकिन बाहेर, पुन्हा चौकडी, आणि 'स्नेक्स अँड लॅडर्स'पर्यंत (१९८९) उतरती कळा. १९९० मध्ये चार्ल्टन गेले आणि एक पर्व संपलं. परतलेल्या रँकिन यांच्यासोबतचा 'नो जाइव्ह' (१९९१) मात्र स्वस्तात मिळाला तर जरूर घ्या. गिटार पुन्हा पुढे आलीय.

१९९४ पासून गिटार जिमी मरिसन यांच्याकडे आहे, म्हणजे चार्ल्टन यांच्याहूनही जास्त वर्षं. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एप्रिल १९९९ मध्ये दौऱ्यावर असताना अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात डॅरेल स्वीट यांचं हृदयविकारानं निधन झालं. ते ५१ वर्षांचे होते. त्यांच्या जागी पीट यांचा मुलगा ली ॲग्न्यू बसला. बाप बासवर आणि लेक ड्रमवर, त्यामुळे तालाची वीण पुन्हा घट्ट झाली. 'द न्यूझ'मध्ये (२००८) ती स्पष्ट ऐकू येते. मॅककॅफर्टींना फुप्फुसाच्या जुनाट आजारानं २०१३ मध्ये थांबावं लागलं. 'रॉक अँड रोल टेलिफोन' (२०१४) हा त्यांचा नॅझरेथबरोबरचा शेवटचा अल्बम. लिंटन ऑस्बोर्न थोडा काळ गायले आणि २०१५ मध्ये वेल्सचे कार्ल सेंटन्स आले. 'टॅटूड ऑन माय ब्रेन' (२०१८) आणि 'सर्व्हायव्हिंग द लॉ' (२०२२) या त्यांच्या रेकॉर्डी 'हा नॅझरेथच नव्हे' म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. सेंटन्स मॅककॅफर्टींची नक्कल करत नाहीत, हेच त्यांचं बळ. चार्ल्टन जुलै २०२२ मध्ये गेले, आणि मॅककॅफर्टी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

आता आपल्या इंदूरचं. पिगडंबरला लता मंगेशकरांच्या रेकॉर्डींचं संग्रहालय असलेल्या या शहरात रेकॉर्डीची किंमत कोणाला समजावून सांगायला नको, पण इथल्या जुन्या मालात रॉक विरळाच. बहुतेक प्रती कुरिअरनंच येतात. परदेशातून मागवताना टपाल आणि कस्टम्स धरून हिशेब करा. शक्यतो एप्रिल-मे टाळा. बंद गाडीत तापलेली रेकॉर्ड वाकते. ती उन्हात सरळ करायला जाऊ नका. दोन सपाट जाड काचांमध्ये सावलीत काही आठवडे ठेवा. आल्यावर तिरप्या उजेडात बघा. नुसते केसासारखे चरे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा आडवा चरा मात्र दर १.८ सेकंदांनी टक् करणारच.

धुण्यासाठी बोअरिंगचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार खाचेत बसतो आणि कायमची खरखर लागते. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, ॲसिड नव्हे. १६० मिलिलिटर पाणी, ४० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब. मखमली पॅडनं खाचेच्या दिशेनं गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा एकदा. वाळताना पंखा बंद ठेवा, नाहीतर माळव्याची काळी माती परत ओल्या खाचेत जाऊन बसेल. पावसाळ्यात बाहेरचं प्लास्टिक कव्हर वरून उघडं असू द्या. बंद प्लास्टिकमध्ये दमट पुठ्ठ्याला बुरशी धरते. आणि घरात आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण चुकूनही लावू नका. अल्कोहोलनं लाख विरघळते.