छातीत पू: नळी की दुर्बीण?

सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी एकेकाळी टीबीच्या सॅनेटोरियमसाठी ओळखली जायची. छातीत पू झालेला पेशंट आजही मिरजेला आणला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: नळीवर भागेल का, की ऑपरेशनच?

फुप्फुसावरच्या दोन पातळ आवरणांमध्ये एरवी चमचा-दोन चमचे पाणी असतं. न्यूमोनिया किंवा टीबीनंतर तिथे पू साठतो. तो पातळ असेल तर बाहेर काढायला नळी पुरते. जागा बधिर करून ती बरगडीच्या वरच्या कडेवरून आत सरकवतात, कारण खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं. श्वासागणिक नळीतलं पाणी वर-खाली होतं, म्हणजे नळी चालू आहे. बाटली छातीच्या खालीच हवी. भेटायला आलेले पाहुणे ती हमखास उचलून कॉटवर ठेवतात!

आठवडे उलटले की पुवाचे कप्पे होतात, मग जाड साल धरते. फुप्फुस त्यात आवळलं जातं. नळी कितीही दिवस ठेवा, ते फुगत नाही. इथे दुर्बीण, म्हणजे छातीत कॅमेरा घालून केलेलं ऑपरेशन. पूर्ण भूल, दोन-तीन छोटी छिद्रं, कप्पे मोडून साल सोलायची. खर्च जास्त, भुलेचा धोकाही. साल फारच घट्ट असेल तर छाती उघडावी लागते.

माझं मत: सीटी स्कॅनमध्ये कप्पे दिसत असतील तर नळीवर दिवस काढू नयेत, सर्जनला लवकर दाखवावं. टीबी निघाला तर गोळ्या दोन्हीकडे चुकत नाहीत, किमान 6 महिने.