छातीतली गुणगुण आणि होकार: 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स'सोबतचे सात महिने

जूनमध्ये पहिलं पुस्तक हातात घेतलं आणि दोन दिवसांत संपवलं. आता सात महिने झालेत. मालिकेतली नऊ पुस्तकं वाचून झाली, पहिलं तर तीनदा. आमचा पाच जणींचा वाचनगट आहे, त्यांनीही ते माझ्यासोबत वाचलं, त्यामुळे पुढे लिहिलेलं सगळं माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही.

रूबी डिक्सन हे टोपणनाव. लेखिकेनं २०१५ मध्ये ही गोष्ट स्वतःच ई-पुस्तक म्हणून आणली. २०२१ मध्ये टिकटॉकवरच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली आणि त्याच वर्षी बर्कली या अमेरिकी प्रकाशनानं छापील आवृत्ती काढली. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासूनच बंद, म्हणून मला हे सगळं उशिरा, तिकडे राहणाऱ्या चुलत बहिणीकडून कळलं. ही प्रौढांसाठीची प्रेमकथा आहे, शृंगार भरपूर आणि उघड आहे, हे आधीच सांगते.

परग्रहवासी पृथ्वीवरच्या काही तरुणींना पळवतात आणि एका गोठलेल्या ग्रहावर टाकून देतात. तिथे निळ्या कातडीचे, शिंगं-शेपटीवाले, सात फुटी सा-खुई लोक राहतात. त्यांच्या शरीरात खुई नावाचा एक जीव असतो. त्याच्याशिवाय या ग्रहावर माणूस साधारण आठवडाभरच टिकतो. ही खुई जोडीदारही निवडते. योग्य व्यक्ती समोर आली की ती छातीत गुणगुणू लागते आणि मूल राहीपर्यंत थांबत नाही.

आमच्यात वाद पेटला तो अगदी सुरुवातीच्या एका प्रसंगावरून. पळवून आणलेल्यांपैकी एक, जॉर्जी, शिकारीच्या फासात पाय अडकून उलटी लटकते, बेशुद्ध होते. शुद्धीवर येते तेव्हा व्हेक्टल नावाच्या सा-खुईचं तोंड तिच्या मांड्यांमध्ये असतं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यानं विचारलेलं नाही, तिनं काही सांगितलेलं नाही. तिला सुख मिळतं आणि गोष्ट पुढे सरकते. पहिल्या वाचनात मीही सरकले. थंडी, भीती, मग हा प्रचंड उबदार प्राणी, मी त्या लयीत होते.

गटातल्या एकीनं पुस्तक तिथेच मिटलं, ते आजतागायत उघडलेलं नाही. दुसरी म्हणाली, ही कल्पनेतली गोष्ट आहे, वाचणारीनं स्वतःहून उघडलीय, नको झालं की बंद करायची मोकळीक तिच्याच हातात आहे. तिचं म्हणणं मला आजही पटतं. कल्पनेत स्वतःला कुणाच्या तरी हवाली करावंसं वाटणं आणि प्रत्यक्षात तसं घडावंसं वाटणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा प्रसंगांना इंग्रजी वाचक 'डबकॉन' म्हणतात, म्हणजे संमती होती की नाही हे धूसर. गटातल्या मावशी निवृत्त वकील आहेत, नागपूरच्या. त्यांना हा शब्दच मान्य नाही. 'धूसर काय त्यात? ती बेशुद्ध होती.' मग त्यांनी मथुरा खटल्याची आठवण काढली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, आणि १९७८ मध्ये अंगावर जखमा नाहीत अशा कारणांवर सुटलेले पोलीस. त्यानंतर बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं. त्या दिवशी गटावर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मी तो प्रसंग पुन्हा वाचला, आणि या वेळी मला सरकता आलं नाही.

गुणगुणीचं मात्र मला फार जवळचं वाटलं. माझ्या आईच्या लग्नात छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. 'मुलीकडून होकार आहे' हा निरोप आजोबांनी दिला होता, आईला विचारल्याचं तिला आठवत नाही. खुई काय वेगळं करते? कुणीतरी दुसरंच ठरवतं, शरीरानं आणि घरानं ते मानायचं, आणि सगळे म्हणतात बघा, किती छान जुळलंय. आई-बाबांचा संसार चांगला झाला. व्हेक्टल आणि जॉर्जीचाही होतो. तरीही विचारायचं राहून गेलं ते राहिलंच.

लेखिकेलाही हे जाणवत असावं, कारण दुसऱ्या पुस्तकात पळवलेल्यांतली लिझ या न विचारण्याशीच भांडते. राहोश हा सा-खुई तिला तिच्या मनाविरुद्ध पळवून नेतो. छाती गुणगुणत असताना लिझ चिडून सांगत राहते की मला निवडायचं होतं. परतल्यावर राहोशला हद्दपारीची शिक्षा होते. गुन्ह्याला गुन्हा म्हटलेलं पाहून मला खूप बरं वाटलं.

तिसरं पुस्तक माझं सर्वांत लाडकं. किराला वाटतं तिला मूल होणार नाही, म्हणजे गुणगुण कधीच येणार नाही. एहाको हा सा-खुई तरीही तिच्या मागे असतो. हसवतो, भेटी करून आणतो, ती मागे सरली की थांबतो. खुई गप्प आहे, त्यामुळे जे काही आहे ते त्या दोघांचं आहे. लोकलमध्ये वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी खुई तिला बरं करते आणि गुणगुणही येते, तिथे मी हिरमुसले. त्याशिवायही त्यांचं पुरेसं होतं.

माझी मोठी तक्रार फासाच्या प्रसंगापेक्षा मुलाबद्दल आहे. जोडी जमली की मूल येणारच. हवं का, आत्ता हवं का, हा प्रश्नच उठत नाही. आमच्यातल्या एकीनं मुलासाठी चार वर्षं उपचार घेतले. तिनं पाचव्या पुस्तकानंतर वाचणं सोडलं. आणि ज्यांना अत्याचाराचं वर्णन नको असेल त्यांच्यासाठी: पहिल्या पुस्तकाच्या मूळ आवृत्तीच्या सुरुवातीला पळवून नेणाऱ्यांच्या पहारेकऱ्यांनी एका मुलीवर केलेला बलात्कार आहे. मला हे आधी कुणी सांगायला हवं होतं.

इंग्रजी सोपं आहे. ग्रह, बर्फ, गुहा, शिकार हे सगळं छान रंगवलंय. पुढे पुढे नायक एकमेकांसारखे वाटू लागतात, सलग वाचू नका.

मावशी सुरुवातीला आमच्यावर वैतागल्या होत्या. आता त्या सहाव्यावर आहेत. नवं पुस्तक सुरू करण्याआधी मला फोन करतात, कथा विचारत नाहीत, फक्त 'यात विचारतो का गं?' एवढंच. मी सांगते, मग ठरवतात.