तीस-चाळीस किलो उतरवायचेत? चार वाटा शेजारी शेजारी ठेवून

माझ्या कपाटात चामड्याचा एक जुना पट्टा आहे. नवा होता तेव्हा त्याला पाच भोकं होती. पुढची सात मी घरी खिळा तापवून पाडली. पहिल्या खेपेला पाच महिन्यांत ११८ वरून ९२ किलोवर आलो, म्हणजे सर्वांत आतल्या भोकापर्यंत. पुढच्या दीड वर्षात एकेक भोक सोडत परत बाहेर आलो आणि १२१ वर थांबलो. मुद्दल परत, वर तीन किलो व्याज. दुसऱ्या खेपेला त्याच आतल्या भोकापर्यंत पोचायला सव्वादोन वर्षं लागली, ८१ किलो व्हायला तीन. त्याला आता सहा वर्षं होतील. माझा कल कुठे आहे हे आधीच कळलेलं बरं, म्हणून हे सांगून टाकलं.

ज्यांना पाच-सात किलोच कमी करायचेत त्यांच्यासाठी हा आढावा नाही. तीस, चाळीस, पन्नास किलो हे वेगळंच प्रकरण आहे आणि त्यासाठी आज चार वाटा आहेत: कडक डाएट, सवयी बदलणं, भूक कमी करणारी औषधं आणि शस्त्रक्रिया. यांची तुलना बहुतेक वेळा ‘किती किलो, किती दिवसांत’ या एकाच रकान्यावर होते. मी आणखी एक रकाना धरणार आहे: वजन उतरायचं थांबल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, एखाद्या साध्या दिवशी, तुम्ही काय करत असाल? हिशेब सोपा राहावा म्हणून सगळीकडे १२० किलोचा माणूस डोळ्यांसमोर ठेवू.

कुठल्याही वाटेनं गेलात तरी शरीर विरोध करणारच

वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन हे ‘पोट भरलंय’ सांगणारं संप्रेरक घटतं, भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं होतं. एका वर्षानंतरही त्यांची ही संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती आणि भूक वाढलेलीच होती.

खर्चाची बाजूही आक्रसते. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटानं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घालवले होते, त्यातले ४१ परत आले होते. तरीही बसल्याजागी शरीर जेवढं जाळतं, ते त्यांच्या वजनाच्या मानानं रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होतं. हे आकडे २०१६ चे. वजन परत आलं की लोक ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणतात, त्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा. मीही स्वतःला तेच म्हणत होतो.

कडक डाएट

माझी पहिली खेप हीच. रोज साधारण ९०० कॅलरी, कोणाच्याही देखरेखीविना. पहिल्या आठवड्यात चार किलो उतरले आणि मी ज्याला त्याला सांगत सुटलो. एक किलो चरबीत ७,७०० कॅलरी धरतात, म्हणजे चार किलोंना तीस हजारांच्या वर. आठवडाभर पाण्यावर राहिलो असतो तरी तेवढी तूट पडली नसती. गेलं होतं ते मुख्यतः पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आधी संपतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बाहेर पडतं. म्हणूनच पहिला आठवडा सगळ्यांचाच झकास जातो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंघोळीनंतर जाळीवर केसांचा पुंजका दिसू लागला. हात सतत गार. रात्री मी मोबाइलवर अनोळखी लोकांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत बसायचो, तासन् तास. पुढे कळलं की १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तेव्हा तेही असेच पाककृतींच्या पुस्तकांत डोकं घालून बसत. वाचून बरं वाटलं. मी वेडा नव्हतो, उपाशी होतो.

झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. तरी ही वाट सरसकट निकालात काढू नका. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत टाइप २ मधुमेह असलेल्यांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरींवर ठेवलं, मग नेहमीचं जेवण टप्प्याटप्प्यानं सुरू केलं आणि पुढेही दवाखान्यातून पाठपुरावा ठेवला. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांची. माझ्या आणि त्यांच्या डाएटमध्ये कॅलरींचा फारसा फरक नाही. ‘मग पुढे काय’ याचं उत्तर त्यांच्यापाशी आधीपासून तयार होतं. माझ्यापाशी नव्हतं.

‘हळूहळू उतरवलेलं टिकतं’ हेही आपण फार ठामपणे बोलतो. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २०४ जणांवरचा अभ्यास आला: काहींनी १२ आठवड्यांत वजन उतरवलं, काहींनी ३६ आठवड्यांत. पुढच्या १४४ आठवड्यांत दोन्हीकडे उतरलेल्या वजनातलं सुमारे ७१ टक्के परत आलं. दोन्हीकडे, सारखंच.

सवयी बदलणं

आधी कटू आकडे. अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ चाचणीत टाइप २ मधुमेह असलेले ५,१४५ लोक होते. त्यातल्या निम्म्यांना आहार, व्यायाम, समुपदेशन असं सगळं भरभक्कम दिलं. पहिल्या वर्षी वजन ८.६ टक्क्यांनी घटलं, साडेनऊ वर्षांनंतर घट ६ टक्के उरली होती. आपल्या १२० किलोच्या माणसाचे दहा किलो उतरले आणि शेवटी सात टिकले. चाळीस किलोंचं स्वप्न बघणाऱ्याला हे फिकंच वाटणार. पण तब्येतीच्या हिशेबात सात किलो थोडे नाहीत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांच्या २००२ च्या अभ्यासात ७ टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचालीचं लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी.

सरासरीच्या खूप पलीकडे जाणारे लोकही आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी त्यांची नोंदवहीच सुरू केली. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात जागा. दहा हजारांवर नावं झाली, सरासरी उतार तीस किलोंचा आणि तो पाच वर्षांहून अधिक टिकलेला. (ही जिंकलेल्यांची यादी आहे, हरलेले तिच्यात येतच नाहीत, हे विसरू नये.) बहुतेकांचा रोज तासभर व्यायाम, त्यातही मुख्यतः चालणं. चारातले तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. टीव्ही कमी बघतात. यात चमकदार असं काहीच नाही, आणि म्हणूनच मला ही यादी पटली.

कुठला आहार, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांची कमी चरबी आणि कमी कर्बोदकं अशा दोन गटांत वर्षभर तुलना केली. एकीकडे ५.३ किलो उतरले, दुसरीकडे ६. म्हणजे फरक नाहीच. मात्र एकाच गटात कोणाचे वीसहून जास्त किलो उतरले, तर कोणाचं वजन उलट वाढलं. तेव्हा पंथ कुठला हे सोडा, जे खाऊन तुमचं पोट भरतं आणि जे दहा वर्षं खाववेल ते खा.

आता माझा साधा दिवस. सकाळी उठल्यावर वजन, आकडा कॅलेंडरवर. ८१ ते ८३ मध्ये असेल तर दुसरा विचार नाही. ८३ ओलांडलं की बाहेरचं खाणं बंद आणि रात्रीचं ताट लहान, पुन्हा आत येईपर्यंत. पंचावन्न मिनिटं चालणं, आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं. प्रत्येक जेवणात प्रथिनं आधी. गोड पेयं घरात आणत नाही, कारण घरात असली तर मी ती पितो. हे सगळं सवयीचं झालं, पण ‘२१ दिवसांत’ वगैरे मुळीच नाही. लंडनमधल्या ९६ जणांच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, कोणाला १८, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. माझं सकाळचं चालणं पहिले पाच महिने रोज नव्यानं ठरवावं लागायचं.

आणि ९७ किलोवर मी सात महिने अडकलो होतो. सात महिने कॅलेंडरवर तेच दोन अंक. पहिल्या खेपेला असं झालं असतं तर जेवणातून आणखी काहीतरी काढून टाकलं असतं. या वेळी काही केलं नाही, होतं तसं चालू ठेवलं. ते सात महिने म्हणजे वजन टिकवण्याची रंगीत तालीम होती, हे पुढे लक्षात आलं. व्यायामाचंही तसंच: वजन उतरवायला तो फार उपयोगी पडत नाही, उतरलेलं धरून ठेवायला पडतो.

औषधं

यांच्याविषयी मी नाक मुरडायचो. आता नाही. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ च्या चाचणीत १,९६१ लोक होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४. पुढच्या वर्षी टिर्झेपेटाइड या तशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या मोठ्या मात्रेत ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. आपला १२० किलोचा माणूस पहिल्यात १८ आणि दुसऱ्यात २५ किलो उतरवतो. सवयी बदलून सरासरी माणूस इथवर पोचत नाही, हे कबूल करायला हवं.

माझी एक मैत्रीण इंजेक्शन घेते. ती म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा अर्धं ताट तसंच ठेवून उठले, आणि मन मागे ओढलं नाही.” ज्याच्या डोक्यात दिवसभर खाण्याचा गलका चालतो त्यालाच या वाक्याची किंमत कळेल. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ यांचा त्रास बऱ्याच जणांना होतो, विशेषतः मात्रा वाढवताना. गरोदरपणात आणि घराण्यात थायरॉइडचा विशिष्ट कर्करोग असेल तर ही औषधं देत नाहीत. आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश वजन परत आलं. म्हणजे ही रक्तदाबाच्या गोळीसारखी, घेत राहायची गोष्ट आहे. सहा महिने घेऊ आणि मग बघू, असं म्हणणाऱ्याचा पट्टा माझ्या पट्ट्यासारखाच होणार.

शस्त्रक्रिया

स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि न झालेल्या २,०३७ जणांचा पाठपुरावा झाला. गॅस्ट्रिक बायपास (पोट लहान करून आतड्याचा काही भाग वगळणारी शस्त्रक्रिया) झालेल्यांचं वजन दहा वर्षांनीही सुमारे २५ टक्के कमी होतं, म्हणजे आपल्या माणसाचे तीस किलो. मृत्यूचा धोकाही शस्त्रक्रिया झालेल्यांत लक्षणीय कमी निघाला. दीर्घकाळाच्या रकान्यात याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. पोट लहान होणं एवढंच त्यामागचं कारण नाही, आतड्यांतली भुकेची संप्रेरकंच बदलतात. बदल्यात बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर, रक्ततपासण्या जन्मभर, आणि गोड जास्त झालं की धडधड, घाम, जुलाब.

मग निवडायचं कसं

तिसऱ्या वर्षीच्या साध्या दिवसाच्या रकान्यात चारही ठिकाणी काही ना काही लिहावंच लागतं: चालणं, इंजेक्शन, गोळ्या. तो रकाना कोरा राहतो तो फक्त पाठपुराव्याशिवायच्या डाएटमध्ये, आणि म्हणून मी ते एकटं कोणालाही सुचवणार नाही.

बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) ४० च्या आसपास, जोडीला मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकणं असेल, तर ‘आधी मनाच्या जोरावर करून बघतो’ म्हणत पाच वर्षं घालवू नका. औषधाबद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दल आजच विचारा. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. तब्येत तशी ठीक असेल, वजन गेल्या काही वर्षांत हळूहळू चढलं असेल आणि त्यामागची कारणं तुम्हाला बोटावर मोजता येत असतील (रात्रपाळी, गोड पेयं, सुटलेला खेळ), तर सवयींपासून सुरुवात करा आणि स्वतःला वर्षभर द्या. वर्षाअखेर पाच टक्केही हललं नाही तर पुढची वाट धरायला मोकळे. चालणं आणि प्रथिनं औषधासोबतही लागतात, शस्त्रक्रियेनंतरही, नाहीतर स्नायू जातात.

सैल पडणारी कातडी चारही वाटांवर भेटते. पोटावरची माझी अजून तशीच आहे.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर मात्र सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण वजन उतरू लागलं की तीच मात्रा जास्त होऊ लागते. चौथ्या महिन्यात मला खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. कमी खाल्ल्यामुळे अशक्तपणा आला असेल, असं समजून दोन आठवडे अंगावर काढलं. दाब मोजला तर वरचा आकडा ९८. गोळी अर्धी केली आणि तीन दिवसांत अंधारी थांबली.