मळणीच्या दिवसांत चोंदलेलं नाक: ओवा, निलगिरी, काढा की मिठाचं पाणी?

आमच्या परभणीकडे दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची मळणी सुरू झाली की घरोघरी नाकं चोंदतात. भुश्याची धूळ, बांधावर फुललेलं गाजरगवत, त्यात पहाटेचा गारवा. कपाळ जड होतं, खाली वाकलं की गालाची हाडं ठणकतात. मग सासूबाई ओव्याची पुरचुंडी करतात, जाऊबाई निलगिरी घालून वाफ घ्यायला सांगतात. नेमकं काय करावं, हा प्रश्न दरवर्षी पडतो.

माझं मत आधीच सांगते: नाक धुऊन काढायचं काम मिठाचं पाणीच करतं. बाकीचे उपाय बहुतेक आराम देणारे आहेत. आरामही हवाच असतो, पण दोन्हींतला फरक माहीत असावा.

मिठाच्या पाण्याने घट्ट शेंबूड सैल होतो आणि नाकातली धूळ, परागकण वाहून जातात. आपला त्रास धुळीचा असेल तर मूळ कारणच बाहेर पडतं. एक पेला पाण्याला, म्हणजे साधारण २५० मिलीला, पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ. आग होऊ नये म्हणून चिमूटभर खायचा सोडा. न्हाणीत वाकायचं, मान तिरकी करायची, तोंडाने श्वास घ्यायचा आणि वरच्या नाकपुडीत कोमट पाणी सोडायचं. ते दुसरीतून बाहेर येतं. इथे पाण्याबाबत हयगय नको. आपल्याकडे नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांनी, मग टाकीत साठवलेलं किंवा बोअरचं वापरतो. जारचं पाणीही निर्जंतुक असेलच असं नाही. केरळात मेंदूचा जीवघेणा आजार करणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले, तो अमिबा नाकातूनच शिरतो. म्हणून पाणी खळखळून उकळायचं, झाकून निववायचं, मगच वापरायचं. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर हा प्रयोग करू नये.

ओवा सगळ्यात स्वस्त. तव्यावर भाजून सुती फडक्यात बांधून हुंगला की त्यातल्या थायमॉलचा उग्र वास नाकात भरतो आणि बरं वाटतं. रात्री झोपताना मला हाच आवडतो. तान्ह्या बाळाला मात्र गरम पुरचुंडी लावू नका, कातडी भाजते.

निलगिरीतलं सिनिओल आणि पुदिन्यातलं मेंथॉल यांत गल्लत होते. मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. सूज तशीच राहते. सिनिओलच्या कॅप्सूल जर्मनीत सायनसच्या सुजेवर देतात, म्हणजे निलगिरीला मेंथॉलहून थोडा जास्त आधार आहे. पण बाटलीतलं तेल पिण्यासाठी नाही. लहान मुलाने थोडंसं गिळलं तरी फेफरं येऊ शकतं. दमेकऱ्यांना उग्र वासाने धाप लागते. वाफ घ्यायचीच तर पातेलं जमिनीवर ठेवून मुलांना त्यावर वाकवू नका. उकळतं पाणी अंगावर सांडून पोरं भाजतात.

कापराचं तर मी स्पष्टच सांगते. बाळाच्या उशाशी किंवा छातीला कापूर लावायची आपली जुनी सवय आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला तो अजिबात नको, त्याने आकडी येऊ शकते.

सुंठ, मिरे, पिंपळी, तुळस यांचा काढा घशाला बरा, अंगाला ऊब देतो. नाक उघडतं ते बरंचसं गरम घोटामुळे. पित्ताचा त्रास असेल तर मिरे कमी घाला. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ सैल करणारं औषध तयार झालं. पण अडुळसा खोकल्यासाठी, नाकासाठी नाही. गरोदरपणी तो टाळावा. ज्येष्ठमध रोज चघळला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून बीपीच्या माणसाला देऊ नये. हळद-दूध चवीला प्या.

तेव्हा शेतात राबून आलेल्याने संध्याकाळी मिठाचं पाणी, झोपताना ओवा, एवढं पुरे. घरात लहान मूल असेल तर निलगिरी आणि कापूर दोन्ही वरच्या फळीवर. मेडिकलमधला नाक मोकळं करणारा स्प्रे पाच दिवसांच्या पुढे नको, नंतर तोच नाक चोंदवतो. दहा दिवसांत उतार पडला नाही, ताप चढला, डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसायला अंधुक झालं, तर घरचे उपाय बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्याची सूज तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी गाडी काढा.